वरिष्ठांच्या आदेशानुसार

बुध. ८ ऑक्टोबर, सकाळी ७
वाचनालयाचा कल्याण येऊन गेला. १९ तारखेला माझं व्याख्यान ठेवलंय, 'दानाच्या नावाखाली ऑनलाइन फसवणूक'. अंबडमध्ये या विषयावर बोलणारा दुसरा आहे कोण? निवृत्तीपासून तीन वर्षं गल्लीच्या ग्रुपवर रोज सावधानतेचे मेसेज टाकतोय, त्याचं चीज झालं. नीला म्हणाली, ग्रुपवर सगळ्यांनी तुम्हाला म्यूट केलंय. दुर्लक्ष केलं. बायकोला नवऱ्याची किंमत नसते.
संकल्प: रोज एक मुद्दा लिहायचा. एकूण दहा.

गुरु. ९
मुद्दा १: नाव-फोटो ओळखीचा असला तरी आधी फोन करून खात्री करा.
दुपारी फेसबुकवर मुळे साहेबांचा मेसेज. 'वामन, ओळखलंस का?' एकवीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, न ओळखायला काय झालं. खुर्चीतून उठून उभा राहिलो. वाचून झाल्यावर बसलो.
अनाथाश्रमातल्या मुलांना दिवाळीचा फराळ द्यायचाय म्हणाले. आजच. क्यूआर कोडही पाठवला. पाच हजार पाठवले. नीला म्हणाली, साहेब बदनापूरलाच असतात, एकदा फोन तरी करा. फोन करून काय विचारू? तुम्ही तुम्हीच का? एकवीस वर्षांत त्यांना कधी 'का' विचारलं नाही.

शुक्र. १०
साहेबांचा आदेश: गल्लीतूनही जमव. लगेच परिपत्रक काढलं. जा. क्र. १. 'वरिष्ठांच्या आदेशानुसार कळविण्यात येते की...' साहेबांचं नाव टाकलं नाही. वरिष्ठांचं नाव असं गल्लीत फिरवायचं नसतं. खाली माझी सही.
आठ घरांनी दिले. शेजारचे सर्जेराव म्हणाले, आमाला त्यातलं काय कळत न्हाई, पर तुमची सही हाय, मंग बराबरच असंल. दूध घालणाऱ्या गोजरबाईने नातीच्या फ्रॉकसाठी ठेवलेले तीनशे रोख आणून दिले. मी ते पुढे पाठवले. विश्वास असा कमवावा लागतो.

सोम. १३
साहेबांना लिहिलं, 'मुलांचे फोटो मिळावेत, ही नम्र विनंती.' उत्तर नाही. ते फाइल तीन दिवस दाबून ठेवायचेच.

मंगळ. १४
साहेबांचं प्रोफाइलच दिसत नाही. नेटवर्क.

बुध. १५, दुपारी ४
कल्याण व्याख्यानाच्या अध्यक्षपदाचं विचारायला साहेबांकडे बदनापूरला गेला होता. गुडघ्यांमुळे येणार नाहीत. निरोप मात्र पाठवलाय: माझ्या नावाने कोणी तरी फेसबुकवर पैसे मागतोय, माझ्याकडे तर बटणाचा फोन आहे. वामनला म्हणावं, हे भाषणात सांग.
कल्याण म्हणाला, आता असं येडं कोन असंल काका, जे पैसे देऊन राह्यलंय? मी म्हणालो, असतात. दोन ग्लास पाणी प्यायलो.
तसं पाहिलं तर फसवणूक साहेबांची झालीय. नाव त्यांचं वापरलं. मी केवळ आदेश पाळला.

संध्याकाळी ६
१९३० ला, म्हणजे सायबर तक्रारीच्या नंबरला, तीनदा फोन लावला. तीनदा कापला. नाव विचारतील. अंबडमध्ये बातमी फुटायला वेळ लागत नाही. रविवारनंतर बघू.
मुद्दा ७: लाजू नका, लगेच तक्रार करा.

गुरु. १६
पोटात दुखतंय म्हणून पाहिलं. नीलाने ओवा दिला. म्हणाली, रविवारपर्यंत बरं वाटेल. व्याख्यान रद्द करावं तर कारण द्यावं लागेल. परिपत्रक मागे घ्यावं तर शुद्धिपत्रक काढावं लागेल. मसुदा केला: 'वरील मजकुरातील "अनाथाश्रम" हा शब्द वगळून वाचावे.' फाडला.
गोजरबाई रोज विचारते, पोरांनी फराळ खाल्ला का भाऊ, फोटू दावा की. आजपासून दूध नीलानेच घ्यावं असं ठरवलं. मी मागच्या दाराने जातो-येतो. तिथेही सर्जेरावांची म्हैस बांधलेली, आणि म्हशीपाशी सर्जेराव.
नीलाने पाडव्याची ओवाळणी आगाऊ मागितली. साडी नको, रोख हवी, आणि जरा जास्त हवी. दिली. निदान घरात तरी सगळं सुरळीत आहे.

रवि. १९, संध्याकाळी ७
व्याख्यान झालं. पुढच्या दोन्ही रांगांत आपली गल्ली. गोजरबाईसुद्धा आलेली. दहाही मुद्दे मांडले, साहेबांचा निरोपही सांगितला. सातव्याला आवाज जरा बसला. कुणी एकही प्रश्न विचारला नाही. टाळ्या भरपूर. म्हणजे कुणालाही काही कळलेलं नाही.
सुटलो म्हणायला हवं. पण गोजरबाई टाळ्या वाजवत होती, ते डोळ्यांपुढून हलत नाही. फार लाज वाटते. उद्या तिला खरं सांगणार आणि तीनशे देणार. बाकीच्यांचं नंतर बघू.

सोम. २० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी, सकाळी ६.३०
अभ्यंगस्नान झाल्यावर गोजरबाईला दारात गाठलं. सगळं सांगितलं. नोटा पुढे केल्या. तिने घेतल्या नाहीत. म्हणाली, बाईंनी बेस्तरवारीच आठी घरी आन् मला पैसे वापस केलेत. हात जोडून म्हनल्या, रविवारी ह्यांचं भाषण होऊ द्या, तवर कुनी काय बोलू नका. म्हून तर आमी समदे पुढं बसलो. भाषण झ्याक झालं, भाऊ. तेवढं सातव्याला सर्जेरावांनी तोंडात रुमाल कोंबला.
आत आलो. नीला गेल्या वर्षीचीच साडी नेसून फराळाचं ताट भरत होती.
१९३० लावला. या वेळी कापला नाही. नाव विचारलं, सांगितलं. पैसे कुणाच्या सांगण्यावरून दिले, विचारलं. वरिष्ठांच्या, म्हणालो.
मग ग्रुपवर सगळ्यांची माफी मागणारा मेसेज लिहायला घेतला. तसंही वाचणार कोण, असं म्हणालो. नीला म्हणाली, नीट लिहा. गुरुवारपासून सगळ्यांनी तुमचं म्यूट काढलंय.