पाणी बदलू नका

१२ फेब्रुवारी

घनसावंगीला समुद्र आहे असं मी पुण्यात कुणाला सांगितलं असतं, तर माझी चेष्टाच झाली असती. पण आहे. कल्याणदादांच्या नव्या बंगल्यात, दिवाणखान्यात, सहा फूट लांब, सहाशे लिटरचा. दादा दुबईला गेले होते, तिथल्या हॉटेलात जिवंत प्रवाळांची टाकी पाहिली आणि उसाच्या फडांमधल्या या गावात येऊन तश्शीच मांडून बसले. आधीचा माणूस सोडून गेला. मी सहा वर्षं माशांच्या दुकानात काढलेली, म्हणून मला बोलावणं आलं.

मागच्या अंगाला स्वतंत्र खोली दिलीय. प्रियाला शाळा जवळ. नवरा, संघपाल, पुण्यात व्हॅन चालवतो, तो जूनमध्ये सामान घेऊन येईल. तोवर आम्ही दोघी मायलेकी. प्रिया पाच वर्षांची, पण तिने अर्ध्या तासात सगळं घर ताब्यात घेतलं. दादांची आई, सगुणाबाई, तिला मांडीवरून उतरू देत नाहीत. या आजी ताटात मिठाचा एवढा ढीग घेऊन बसतात. सूनबाई, म्हणजे दैवशालावहिनी, रक्तदाबावरून ओरडतात आणि आजी माझ्याकडे बघून डोळा मारतात. माझं इथे जमणार.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज पहिल्यांदा पाणी बदललं. दर शनिवारी साठ लिटर जुनं काढायचं आणि तेवढंच नवं, समुद्री मीठ कालवून घालायचं. आधीच्या माणसाचा हाच नियम होता. जुनं पाणी मागच्या पडीक जागेत ओतलं.

दुपारी आजींना चक्कर आली. वहिनी म्हणाल्या की घाबरू नका, दर शनिवारी येते, उपास सोडवत नाही ना त्यांना.

२० फेब्रुवारी

दादांनी बोलावून घेतलं. बोअर आटलं आहे, टँकर सुरू झाला. टाकीचं पाणी गाळणारा आरओ एक बादली चांगलं पाणी देतो तर तीन बादल्या वाया घालवतो. दादा म्हणाले, माणसाला प्यायला न्हाई अन् आपण माशांचं बदलून राह्यलो, गाव शिव्या देऊन राह्यलंय, ताई, काहीतरी करा.

मला हे आव्हान आवडलं. पाणी घाण होतं ते खाण्यामुळे, म्हणून खाणं निम्मं केलं. मोठ्या टाकीला नळीने जोडलेल्या खालच्या छोट्या टाकीत दिवा लावून शेवाळ वाढवायला घेतलं, ते घाण शोषतं. फेस काढायचं यंत्र रोज धुणार. उडून जाईल तेवढं गोडं पाणी भरायचं, बाकी बदलणं महिन्यातून एकदाच. दुकानातल्या लोकांना जमलं नव्हतं, मी करून दाखवणार.

९ मार्च

तीन शनिवार पाणी बदललं नाही. आजींना एकदाही चक्कर आली नाही, उपास असूनही. म्हणतात तुझा पायगुण. मी म्हटलं, तसं असेल तर पगार वाढवा.

टाकीत मात्र नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेली घाण, थोडं चढलंय आणि जांभळं प्रवाळ मिटून बसलंय. प्रियालाही परवापासून ताप. औषध चालू आहे, उतरत नाही.

१० मार्च

आजींनी प्रियाची दृष्ट काढली. आमच्या घरात हे प्रकार नाहीत. माझे वडील असते तर दोन तास व्याख्यान झालं असतं. पण म्हातारीचा जीव तुटत होता, तिचं मन कशाला मोडायचं? मीठ-मोहरी मुठीत घेऊन त्यांनी प्रियावरून सात वेळा उतरवली. मी दारात हसत उभी होते.

११ मार्च

ताप गेला, रात्रीतून! पोरगी अंगणात पळतेय.

फेसाचं यंत्र धुताना त्याच्या जाळीवर मोहरीचे दाणे सापडले. आजींना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं. उतरवलेली मीठ-मोहरी चुलीत टाकायची असते. पण नव्या घरात चूलच न्हाई, गॅसवर टाकलं तर सून रागावती, मंग टाकू कुठं? समुद्रात टाकलेलं परत येत न्हाई. मिरच्या तेवढ्या टाकत नाहीत, माशांची आग होईल म्हणून. टाकी आल्यापासून त्या स्वतःवरून उतरवलेलं मीठ यातच टाकतात.

मी रागावणार होते. पण जांभळं प्रवाळ ताटलीएवढं फुललंय, पूर्वी कधी नव्हतं एवढं, आणि नायट्रेट शून्य. दोनदा तपासलं. मग म्हटलं जाऊ दे.

१५ मार्च

प्रिया आता वरणावर मीठ मागते. पोळीवर मागते. केळ्यावर टाकून खाल्लं. म्हणते कशालाच चव नाही. आजींशेजारी बसते आणि दोघींच्या ताटात सारखाच ढीग.

२३ मार्च, शनिवार

महिना झाला. साठ लिटर काढलं, नवं भरलं.

जुनं पाणी ओतून आत आले तर प्रिया शाळेच्या दप्तरावरच आडवी. उठवलं तरी उठेना. ओठ कोरडे, हातपाय गार. तिकडे ओसरीवर आजी घामाने ओल्या होऊन कोसळलेल्या. दोघींना गाडीत घालून जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं मीठ एकदम उतरलंय, उन्हाळा आहे. सलाईन लावलं. दोघींना एकच आजार, एकाच वेळी. दादा म्हणाले टँकरचं पाणी बाधलं असेल.

मग आम्हा बाकीच्यांना का नाही बाधलं?

२ एप्रिल

एक गोष्ट केली. लिहायची लाज वाटते.

प्रिया अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. मी खिडकीतून तिच्याकडे बघत टाकीतून एक तांब्या पाणी काढलं. तिची दोरी थांबली. ती खाली बसली, हात टेकून. मी तांब्या परत टाकीत ओतला. ती उठली आणि उड्या मारायला लागली.

योगायोग असेल म्हणून पुन्हा काढलं. पुन्हा बसली.

तिसऱ्यांदासुद्धा काढलं. मी आई आहे आणि मी तिसऱ्यांदा काढलं.

तिच्यावरून जे उतरवलं ते नुसतं मीठ नव्हतं. तिच्यातलंच काही त्या मिठाबरोबर गेलं आणि पाण्यात विरघळलं. आजींचं तर कित्येक महिन्यांचं. शनिवारची चक्कर उपासाची नव्हतीच. पाणी ओततो तेव्हा त्यांना ओततो.

आता एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही.

६ एप्रिल

खालच्या टाकीची नळी सुटली. मी दहा मिनिटांसाठी किराणा आणायला गेले होते, फक्त दहा. परत आले तर फरशीभर पाणी. फडक्याने टिपून टिपून पिळलं, सगळं परत टाकीत, केर, केस, मुंग्यांसकट. जे दाराबाहेर मातीत गेलं ते गेलं.

आजी खुर्चीतच गेल्या. हातात जपमाळ तशीच. सगळे म्हणाले वय झालं होतं. वहिनी माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि मला तोंड वर करता येईना.

प्रियाला धरून चालवावं लागतं.

९ एप्रिल

नायट्रेट चाळीस. पाणी बदलल्याशिवाय उतरणार नाही. शेवाळही सडतंय. एका बाजूचं प्रवाळ पांढरं पडलं, आणि प्रियाची नखं पांढरी पडली.

बदललं तर ती वाहून जाईल. नाही बदललं तर त्याच घाणीत राहील. मी रोज टाकीसमोर बसते. पाणी कमी बदलून दाखवते, असं मीच म्हणाले होते. केवढा दिमाख होता तेव्हा.

१२ एप्रिल

संघपालला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तू दमलीस, पोरीला घेऊन निघून ये. निघालो. पाणी घरीच, आम्ही एसटीत. वाटूरपर्यंत गेलो नाही तोच प्रियाने श्वास ओढायला सुरुवात केली. उतरून परत आलो.

आज मीठ घेतलं आणि स्वतःवरून उतरवून टाकीत सोडलं. मनात म्हटलं, मला घ्या, तिला परत द्या. वडिलांनी काय म्हटलं असतं ते आता मनातही येत नाही.

१३ एप्रिल

परत दिलं नाही. मला घेतलं मात्र. चहाला चव नाही. भाजीला नाही. डोळ्यांतून पाणी येतं तेही आळणी.

१६ एप्रिल

नायट्रेट ऐंशी. पाणी पिवळं, वास येतो. मासे मेले दोन. प्रिया डोळे उघडत नाही. वहिनी हट्टाला पेटल्या, दवाखान्यात न्या म्हणून. श्वास ओढेल, वाटेत जाईल — पण इथेही जातेच आहे. गाडी हळू घ्यायला सांगितली. जाताना टाकीवर कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात. पाणी बदलू नका.

१८ एप्रिल, जालना

सलाईन चढतंय. अंगात राहत नाही. डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासतात. पण श्वास चालू आहे. सकाळी माझं बोट धरलं तिने.

वहिनींचा मेसेज आला. उद्या आजींची तेरवी, पाहुणे येणार, घर साफ करून राह्यलो. टाकीचा फारच वास येत होता. तुमचं काम राहिलं म्हणून तुम्हाला वाईट वाटत असेल, तर काळजी करू नका, दादांनी खास टँकर मागवलाय. सगळं पाणी बदलून राह्यलेत. कागद पाहिला, तुम्हीच येऊन बदलणार असाल, पण पोर आजारी असताना तुम्ही कुठं येणार होता —

फोन करतेय. उचलत नाहीत. मोटारीच्या आवाजात —

लिहून पाठवलं. थांबवा. अजून वाचलं नाही.

फोटो आला. पाणी वरून हातभर खाली. दादा पाइप धरून हसतायत. प्रियाचे पाय गार पडले.

पुन्हा फोन. उचला ना. उचला.

दुसरा फोटो. अर्धी टाकी. तिचे गुडघे — पोटापर्यंत — नर्स पळत आली — माझ्या हातातूनही पेन —

तिने डोळे उघडलेत. म्हणते आई, आता चव —

तिसरा फोटो. तळाची वाळू दिस