गंजात शिजवलेलं अळणी

अमरावती,
मंगळवार, सकाळचे दहा (दुकान उघडलं आहे, गिऱ्हाईक नाही)

माझे शाळासोबती, नांदगाव खंडेश्वरचे श्रीमान किसनराव यांना कुर्बान मोटर-वाइंडिंगवाल्याचा सलाम, आणि सलामाच्या जोडीला रामराम.

आपली प्रकृती ठीक असेल, गुडघे आपलं ऐकत असतील आणि यंदाची तूर बरी उभी असेल अशी आशा करतो. (आदरार्थी एवढंच पुरे. पाकीट फोडून कोणी वाचलंच तर त्याला दोन प्रतिष्ठित माणसांचा पत्रव्यवहार वाटावा म्हणून लिहिलं. आता 'तू'वर येतो.) किसन, तब्येत कशी आहे ते कळव. जेवतोस का, हे मात्र विचारत नाही. कौशल्यावहिनी गेल्याला आठ महिने झाले. तेवढ्यात मी हा प्रश्न तुला फोनवर चाळीस वेळा तरी विचारला असेल, आणि चाळीसही वेळा तू "जेवलो ना बाप्पा, आत्ताच जेवलो" म्हणालास. एकदा तर सकाळी साडेसहाला म्हणालास. आता तू फोनच उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राचं बरं असतं, ते मध्येच कापता येत नाही.

आमच्याकडची खबर अशी की रईसा दीड महिन्यापासून अकोल्याला आहे. तुबाचं पहिलं बाळंतपण. रिवाजाप्रमाणे मुलीनं माहेरी यायचं, पण तिथल्या डॉक्टरनं तिला पलंगावरून हलायची मनाई केली, तेव्हा माहेरच उठून तिच्याकडे गेलं. जाताना रईसानं मला घराची किल्ली दिली, गॅसची टाकी दाखवली आणि दोन जीव माझ्या हवाली केले. एक गुलफाम आणि दुसरी फलक. ही तिची पाखरं. (आपल्याकडचे हिरवे पोपट पाळायला कायद्यानं मनाई आहे, तेव्हा पोलिसात जाऊ नकोस. ही परदेशी पोपटांची जात आहे, करड्या रंगाची, डोक्यावर तुरा, गालावर शेंदरी टिकली. कॉकाटील म्हणतात. मला ते नाव यायला तीन वर्षं लागली.) तुबा लग्न होऊन गेली त्या वर्षी ही पाखरं घरात आली. माझा आणि त्यांचा संबंध एवढाच होता की मी दुकानातून आलो की ती ओरडायची आणि मी ओरडलो की ती गप्प बसायची.

आता तुला वाटेल, पाखरांना काय लागतं, मूठभर दाणे टाकले की झालं. मलाही तसंच वाटत होतं. पण नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवली तर यांच्या काळजावर चरबी चढते म्हणे, म्हणून यांचं जेवण घरी शिजवायचं, तेही दहा दिवसांचं एकदम. राळं, ज्वारी, मोड आलेली मटकी, मूग आणि मसूर शिजवायचे, त्यात कोहळं, गाजर आणि शेवग्याचा पाला बारीक चिरून टाकायचा, निवू द्यायचं, पाणी निथळायचं, बर्फाच्या साच्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि रोज सकाळी दोन वड्या काढून कोमट करून द्यायच्या. मीठ नाही, तेल नाही, कांदा नाही, लसूण तर मुळीच नाही. मिरची चालते! एवढं एक ऐकून मला पहिल्यांदा त्या पाखरांबद्दल आपलेपणा वाटला. ही सगळी कृती रईसानं उर्दूत लिहून फ्रीजला चिकटवली होती. ती उर्दू शाळेतली आणि मी तुझ्या शेजारच्या बाकावरचा, हे छत्तीस वर्षांच्या संसारानंतर ती विसरली. शेवटी फोनवर एकेक ओळ तिच्याकडून ऐकून मी विजेच्या बिलाच्या मागे मराठीत उतरवून घेतली.

पहिल्या खेपेला घोटाळा मुठीचा झाला. रईसा प्रत्येक जिन्नस 'एक मूठ' म्हणाली. तिची मूठ आणि मोटरी उचलून उचलून झालेली माझी मूठ यांत किती फरक आहे तो शिजल्यावर कळला. दोन पाखरं, मिळून दोनशे ग्रॅमसुद्धा नाहीत, आणि त्यांच्यासाठी मी मोठा गंज काठोकाठ भरून रांधला होता. तो निवायला ठेवून मी दुपार कलल्यावरच्या, असरच्या नमाजला गेलो. तेवढ्यात शेजारच्या माणिकबाई डोकावल्या. त्यांच्याकडे आमच्या घराची दुसरी किल्ली असते आणि चव घेतल्याशिवाय त्यांना कुठलं झाकण परत ठेवता येत नाही. मी परतलो तर घरभर लसणाचा वास. माझ्याच तेलात मोहरी, जिरं, लसूण, तिखट, अशी झणझणीत फोडणी घालून बाई पदराला हात पुसत उभ्या. म्हणाल्या, "कुर्बानभाऊ, मुक्या जिवाले असं अयनी कोनी खाऊ घालते काय? रईसाभाभी नाही म्हून त्या लेकरायचे असे हाल करून राहिले तुमी?" ते सगळं मी स्वतः चार दिवस खाल्लं. चवीला फार उत्तम झालं होतं हेही खरं आहे.

दुसरी खेप बरोबर झाली. मीठ नाही, फोडणी नाही, दाराला आतून कडी. वड्या पडल्या सुबक. सकाळी वाटीत घालून पिंजऱ्यात ठेवल्या आणि मी दुकानात गेलो. संध्याकाळी वाटी जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. फलक निदान चोच लावून सोडायची, गुलफाम तर पाठ फिरवून बसायचा. वाइंडिंगची तार तोलायचा बारीक काटा मी घरी आणला आणि त्याला तोललं. रईसा गेली तेव्हा तो ब्याण्णव ग्रॅम होता, आता चौऱ्याऐंशी. किसन, आठ ग्रॅम तार म्हणजे काहीच नाही, फेकून देतो आपण. पण ब्याण्णवातून आठ गेले म्हणजे किती गेलं याचा हिशेब मी उभ्या उभ्या दोनदा केला. त्याला काही झालं तर अकोल्याला मी काय सांगणार होतो? तिकडे मुलगी पलंगावर, आणि रईसा रोज फोनवर पहिली चौकशी गुलफामची करते, नंतर माझी.

इथल्या गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. म्हणाले, "काका, मी बैलाले सुई टोचणारा मानूस, याले कुठं टोचू?" मग तुबानं पलंगावरूनच फोन करून करून पुण्याच्या एका पाखरांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर काढला. डॉक्टर ज्योत्स्ना. आवाज एकदम गोड, पण बोलणं शाळा तपासायला आल्यासारखं. काय काय घालता, किती वेळ शिजवता, सगळं विचारलं, मी सांगितलं. मग विचारलं, कशात शिजवता? मी म्हणालो, गंजात. त्या म्हणाल्या, "गंजात?" मी म्हणालो, हो, गंजात. त्यांनी विचारलं, लोखंडाच्या? मी म्हणालो, नाही, ॲल्युमिनियमच्या. हे त्यांच्या ज्ञानाबाहेरचं निघालं असावं, कारण त्यांनी ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग विचारलं, घरात असा किती गंज आहे? मी अभिमानानं सांगितलं, लहान-मोठे धरून आठ. त्या एवढ्या रागावल्या की मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. "काका, पाखराच्या पोटात गंज गेला तर ते मरतं! आजच्या आज सगळा गंज घराबाहेर काढा!"

आता तूच सांग, मी काय समजावं? एवढी शिकलेली बाई सांगते तर गंजात काही दोष असेल. रईसाच्या लग्नातले, तिच्या अम्मीचं नाव कोरलेले, आठही गंज मी डोक्यावर घेऊन गच्चीत नेऊन ठेवले. पुढचे चार दिवस दूध स्टीलच्या डब्यात तापवलं, चहा प्रेशर कुकरमध्ये केला, आणि पाखरांचं जेवण शिजवलं लोखंडी कढईत, जिला खरोखरचा जंग चढलेला होता आणि जी मला घासून घ्यावी लागली. डॉक्टरीणबाईंना कळवलं, गंज काढले, आता कढई. त्या म्हणाल्या, शाब्बास. गुलफाम एक्क्याऐंशीवर आला. मग त्यांनी पुरावा मागितला तसा मी गच्चीतल्या आठ गंजांचा रांगेत उभे करून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'हे ते गंज'. पाचव्या मिनिटाला फोन आला आणि बराच वेळ त्यात नुसतं हसणं ऐकू येत होतं. "अहो काका, ही तर पातेली आहेत!" पुण्याकडे गंज म्हणजे आपला जंग, लोखंडावर चढतो तो. एका शब्दापायी चार दिवस गेले आणि तीन ग्रॅम गेले.

हसून झाल्यावर मात्र त्या बाईंनी असा प्रश्न विचारला की जो खरं तर मला पहिल्या दिवशी सुचायला हवा होता. काकू त्यांना कसं खाऊ घालायच्या? मला ठाऊक नव्हतं. रईसाला फोन लावला. ती म्हणाली, "खिलाती कब थी मैं? मैं तो उनके साथ बैठ के खाती थी." सकाळी आठला आणि दुपारी एकला ती आपलं ताट घेऊन पिंजऱ्याजवळ बसायची, दार उघडून त्यांना बाहेर घ्यायची, आणि तिघं जेवायची. या पाखरांची रीतच तशी आहे म्हणे, सोबतीचं कोणी खाताना दिसलं नाही तर ती खात नाहीत, अन्नाचा त्यांना भरवसा वाटत नाही. किसन, मी दुकानात डबा नेतो आणि रात्री टीव्हीकडे बघत जेवतो. तुबा सासरी गेल्यापासून पाच वर्षं माझी बायको कोणासोबत जेवते हे मला पुण्याच्या एका परक्या बाईनं विचारलं तेव्हा कळलं. मला फार लाज वाटली. अजून वाटते, आणि रईसाजवळ ती बोलून दाखवायची हिंमत झालेली नाही.

तर दुसऱ्या दिवसापासून मी आठ वाजता मांडी घालून पिंजऱ्यापुढे बसलो. ताटात तेच, त्यांचंच. आपल्या जिभेला ते अळणी खाणं म्हणजे शिक्षा आहे. पहिल्या दिवशी मी नुसतं तोंड हलवलं. गुलफामनं तुरा उभा केला, मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. त्याला फसवता येत नाही. दुसऱ्या दिवशी खरं खाल्लं, पण घाईघाईनं, दुकानाची वेळ झाली म्हणून. फलक खांद्यावर आली, खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं, हळूहळू खाल्लं, आणि खाता खाता त्यांच्याशी बोललो. काय बोलणार, आपल्या नांदगावच्या शाळेच्या गोष्टी सांगितल्या, तू गुरुजींच्या सायकलची हवा काढलीस आणि मार मी खाल्ला ती. गुलफाम खाली उतरला, माझ्या ताटातला कोहळ्याचा तुकडा उचलला आणि तिथंच उभा राहून खाल्ला. माझे डोळे भरून आले. माणिकबाई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "मिरची जास्त झाली काय?"

बाकी सर्व क्षेम. वहिनींच्या फोटोला माझा सलाम सांग.

तुझा,
कुर्बान

ता. क. राळं इथं बाजारात चांगलं मिळत नाही, जुनं आणि खड्यांचं असतं. तुझ्या बांधावर यंदा राळं पेरलं होतंस असं ऐकतो. पायलीभर मिळालं तर पाखरं दुवा देतील.

ता. क. २. राळं तुझ्या किशोरच्या हाती पाठवू नकोस, पोराला कोचिंग क्लासचं शिकवणं असतं. तू स्वतः घेऊन ये. एका माणसासोबत पाखरं जेमतेम खातात, दोन माणसं गप्पा मारत जेवली तर पोटभर खातात. डॉक्टरीणबाईंचं तसं म्हणणं आहे.

ता. क. ३. डॉक्टरीणबाईंचं तसं काही म्हणणं नाही. गुलफाम पुन्हा ब्याण्णव ग्रॅम झाला आहे, दोघंही आठवड्यापासून पोटभर खातात, आणि राळं माझ्याकडे दोन महिने पुरेल एवढं आहे. खरं सांगतो. किशोर परवा दुकानात आला होता, पंख्याची मोटर घेऊन. मोटर चांगली होती. तरी तो दोन तास बसला, आणि उठता उठता म्हणाला, "काका, बाबा जेवत नाहीत. चहात शिळी पोळी बुडवतात, उभ्या उभ्या, आन् मले सांगतात जेवलो म्हून. मी काय करू?" तुला सांगणार नाही असा शब्द मी त्याला दिला होता. तो मोडला, त्याचं मी बघून घेईन, पोरावर रागावू नकोस. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजहून मी दोन वाजेपर्यंत घरी येतो. पोळ्या माणिकबाई करणार आहेत, भाजीत मीठ मी स्वतः घालणार आहे. तू आल्याशिवाय मी जेवायला बसणार नाही. मला शुगर आहे आणि डॉक्टरनं उपाशी राहायची सक्त मनाई केली आहे, तेव्हा गाडी चुकवू नकोस.