झालं, लाव

सोमवार, ४ मार्च
देवाच्या कृपेने सामान एकदाचं लागलं. बशी एकच फुटली, तीही आधीच चिरलेली. शेडवर दोन खोल्या, भाडं नाही, स्वयंपाकघरात दुपारपर्यंत ऊन. झाडं छाटण्याच्या या धंद्यात ह्यांना मशीन सांभाळायचं काम मिळालं आणि मला हिशेब लिहायचं. मॅट्रिकचं चीज झालं! जिना उतरलं की समोरच ते मोठं मशीन. एका तोंडाने फांद्या घालायच्या, दुसरीकडून भुगा उडतो. सगळे त्याला सासूबाई म्हणतात, कारण कितीही घाला, कुरकुर संपत नाही. मालक म्हणाले, वहिनी, एका सासूपासून सुटलात, तर दुसरी दारात उभी! मला पदर तोंडाशी धरावा लागला, इतकं हसू आलं.

गुरुवार, ७ मार्च
पाती रोज बोथट होतात. ती बदलायला ह्यांना झाकण उघडून खांद्यापर्यंत आत शिरावं लागतं. तेवढा वेळ किल्ली ह्यांच्याच खिशात. काम झालं की बाहेर यायचं, झाकण लावायचं, मशीनला वळसा घालून आपल्या हाताने किल्ली फिरवायची. मशीन थरथरलं की बंद करून पुन्हा आत. ग्रीसने माखलेल्या हातांनी दर वेळी खिसा चाचपायचा, अर्धा दिवस त्यातच जातो. मला असली नासाडी बघवत नाही. मी सुचवलं, दुसरी किल्ली करून आणा, वेळ वाचतो. मी किल्लीपाशी जप करत बसेन. तुम्ही झाकण लावून “झालं, लाव” म्हणा, मी फिरवीन. किल्लीपासून झाकण दिसत नाही, पण हाक ऐकू येते. ह्यांना पटलं.

मंगळवार, १२ मार्च
काम झपाट्याने उरकतंय. मालक खूश. झाडावर चढणारा कामगार मात्र दुसरी किल्ली पाहून पांढराफटक पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला की आधीच्या मेकॅनिकनेही अशीच किल्ली करून घेतली होती. “झालं, लाव” अशी हाक आली, किल्ली फिरली, आणि आतला माणूस बाहेर आलाच नाही. हाक त्याने दिलीच नव्हती. किल्ली कोणी फिरवली होती, असं मी विचारलं. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला, मग दोर उचलून निघून गेला. बिचाऱ्याच्या मनावर परिणाम झालाय. त्याच्या नावाने एक माळ जास्त ओढली.

शनिवार, १६ मार्च
सकाळी हाक आली. ह्यांचाच आवाज, तोच किंचित बसलेला घसा. बोटं किल्लीवर होती. माळ मेरुमण्याशी आली होती म्हणून तेवढं नाव पुरं केलं. नंतर काय वाटलं कोण जाणे, उठून मागे गेले. हे अजून आतच. बॅटरी दातांत धरलेली. दातांत बॅटरी धरून माणूस बोलेल कसा?

सोमवार, १८ मार्च
किल्ली गटारात टाकली. ह्यांनी दुसरी करून आणली आणि वर मलाच बोलले, चांगली वस्तू फेकायची हे तुझ्यासारखीला शोभतं का. वादळात झाडं पडलीत, कामाला उसंत नाही. मालक म्हणाले, सासूबाईंनी सुनेला हाक मारली, एवढंच! सगळे हसले. कामगार हसला नाही.
इथून जाऊ या म्हणून पाय धरले. हे म्हणाले, जायचं कुठे? जुनी खोली सोडून आलोय.
मी किल्लीपाशी बसणार नाही, असं निक्षून सांगितलं.

मंगळवार, १९ मार्च
हे समोर जेवत होते, तोंडात घास. खालून ह्यांच्याच आवाजात — झालं, लाव.
माझा उजवा हात उठला आणि त्याने शेगडीचं बटण फिरवलं. मी नाही फिरवलं. मी तर वाढत होते, डाव्या हातात —
ह्यांना काही ऐकू आलं नाही.
कामगाराला गाठलं. तो म्हणाला, त्या दिवशी मीसुद्धा फिरवली नव्हती.

बुधवार, २० मार्च
हे आत शिरलेत. जाऊ नका म्हणून दार अडवून उभी राहिले, मला बाजूला सारून गेले. दुसरी किल्ली मशीनलाच लावून ठेवलीय, वेळ वाचतो म्हणे. माझंच वाक्य.
मी आतून कडी लावून लिहायला बसलेय. उजव्या हातात पेन आहे तोवर त्याला किल्ली धरता येणार नाही. लिहीत राहायचं. देवा, लिहून घे माझ्याकडून. देवा देवा देवा देवा
हाक आली.
देवा देवा झालं लाव झालं लाव — हे मी नाही लिहिलं
खिडकीतून ओरडले, बाहेर या, बाहेर या! अंगणात करवती चालू आहेत. माझी हाक पोचत नाही. ती मात्र पोचते.
कडी निघाली. मी धरून होते तरी —
पायरीवर आहे. कधी उतरले? ह्यांचे पाय दिसताहेत, झाकणाबाहेर, एका पायातली चप्पल सुटलीय. अहो! अहो ऐका —
ह्यांचे पाय दिसेनासे झाले, समोर किल्ली आहे. अक्षर असं का येतंय
पेन डाव्या हातात आहे. उजवा