लाल ठिपका

जानेफळ, मंगळवार, दिवेलागणीले

डॉक्टरच्या बोलण्यावर माझा भरोसाच बसत नाही. मले अन् माझ्या बायकोले, सुमनले, एकच आजार, हिपॅटायटिस सी. तरी गोळ्या वेगवेगळ्या देल्या. म्हणे रक्तातल्या विषाणूचे जनुक तपासले, तिचा प्रकार वेगळा, माझा वेगळा. जसा प्रकार तशी दवाई. रक्ताच्या नळ्या अदलाबदल झाल्या नसतील कशावरून?

मी तर पक्कं धरून होतो, मले तिच्यापासूनच लागलं. धाकटी पोरगी झाली तेव्हा तिले रक्त चढवलं होतं. म्हणून तर तिच्या गिलासाले नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला, लग्नघरी भांडी मिसळू नये म्हणून लावतात तसा. उष्ट्यानं हे लागत नाही, असं डॉक्टर पहिल्याच दिवशी बोलले होते. मले तेही पटलं नव्हतं.

आज ते तिच्यासमोरच बोलले, "प्रकारच वेगळे आहेत. म्हणजे तुम्हाला हा आजार वहिनींकडून लागलेला नाही."

येताना एसटीत सुमन खिडकीपाशी बसली. चिखली मागं पडल्यावर एकच बोलली, "मंग तुमाले कुठून लागलं हो?"

काय सांगू? न्हाव्याचा वस्तरा? का गावातल्या डॉक्टरची सुई? जरा कणकण आली की गोळी नको, सुईच टोचा, असा हट्ट मीच धरायचो. पण तिच्या मनात तिसरंच काही येऊन राह्यलं असलं तर?

आत्ता पाणी प्यायले उठलो. माझ्याही गिलासाले लाल ठिपका. बोटाले लागला, अजून ओला होता.