हापूसला नो एन्ट्री

तीर्थरूप सदाशिवदादा यांस,

जयपूरच्या भट्टीतून मोरेश्वरचा साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला उतरला का? इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे, रक्त उकळतंय ते माझं. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला कमी ऐकू येतं आणि विभा मध्येमध्ये बोलते. म्हणून कागदावर लिहितोय. ती याचा फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेल.

तुम्ही देवगडहून भरून दिलेला आंब्यांचा ट्रक सुखरूप पोचला, असं मी मागे कळवलं होतं. ते खरंच आहे, फक्त तो जयपूरला पोचला, माझ्याकडे नाही. अजमेर रोडने आला आणि दोनशे फुटी बायपासला जो थांबला, तो अजून तिथेच आहे. कारण दिवसा मालाच्या ट्रकला शहरात बंदी, रात्री मोकळं रान. म्हणजे दिवसा एक ट्रक शिरला तर शहर बुडतं आणि रात्री ट्रकांची रांग लागली तरी तरतं (हा शोध ज्या डोक्यातून निघाला ते डोकं एकदा जवळून बघायची इच्छा आहे). ड्रायव्हर म्हणाला, रात्री आणून टाकतो. विभाही तेच म्हणाली. मी साफ नाही सांगितलं. आपण काय चोरीचा माल आणतोय? अक्षय्यतृतीयेला इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात आमरस माझ्याकडून, आणि तोही देवगडचा, असं मी भर सभेत बोललोय. गेल्या वर्षी अध्यक्ष भीमराव (फौजेतून निवृत्त, खुर्चीतून मात्र नाही) यांनी डब्यातला रस पाजला आणि लोकांनी तो निमूट प्यायला. यंदा ट्रक भरदिवसा मंडळाच्या सभागृहाच्या दारात उभा राहावा, त्याच्यावर लिहिलेलं 'देवगड' सगळ्यांनी वाचावं, आणि वाचताना भीमराव शेजारी असावेत, एवढीच माझी माफक इच्छा होती.

तर दिवसा यायचं म्हणजे परवाना. तो देणाऱ्या ऑफिसात सलोनी मॅडम म्हणून एक मुलगी बसते. वागायला गोड, 'अंकलजी'शिवाय बोलत नाही, आणि काम मात्र तसूभर करत नाही. तिच्यासमोर मालाच्या प्रकारांची यादी. कापड आहे, सिमेंट आहे, फर्निचर आहे. माझ्या पुढे बगरूचा एक चादरीवाला होता, त्याचं 'कापड' म्हणून मिनिटात काम झालं. आंबा यादीत नाही. ज्या शहराला आंबा हा स्वतंत्र विषय आहे हेच ठाऊक नाही, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? तरी मॅडमनी मार्ग काढला. म्हणाल्या, नाशवंत मालाला दिवसा सूट आहे, मतलब दूध, भाजी असलं काही, जे उन्हात लगेच खराब होतं. तुमचा आंबा खराब होतो का?

दादा, इथे मी काय करायला हवं होतं ते मला आता कळतंय. पण देवगडच्या हापूसला कोणी भाजीच्या रांगेत बसवलं तर तुम्ही गप्प बसला असता का? मी खुर्ची पुढे ओढली आणि तिला समजावलं, की बाई, हा तुमच्या हातगाडीवरचा आंबा नव्हे. हा झाडावरून कच्चा उतरवतात, पेंढ्यात निजवतात, तो आपल्या वेळेने पिकतो आणि त्याला तोवर काहीएक होत नाही. बायपासलाच काय, वाळवंटात ठेवा. (मी अढीचं तंत्रही सांगितलं. मागच्या बाकावरचे दोघेतिघे कान देऊन ऐकत होते, त्यामुळे जरा रंगतही आली.) तिने सगळं आदराने ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटरमध्ये 'नाशवंत नाही' असं भरून अर्ज फेटाळला. विमा कंपनीत आयुष्यभर मी लोकांचे दावे त्यांच्याच तोंडच्या वाक्यांवर नाकारले, पण इतक्या सफाईने मलाही कधी जमलं नव्हतं.

पुढचे दिवस मी रोज ऑफिसात, ट्रक रोज बायपासला. डोक्यावर हे ऊन. मग ड्रायव्हरचा फोन, की वास सुटलाय आणि येणारे-जाणारे पेट्यांवर नाक टेकवून जातायत. मी धावत ऑफिसात. म्हटलं, घ्या, पिकला, आता तरी नाशवंत म्हणा. मॅडम म्हणाल्या, जरूर म्हणू, पण नाशवंत मालाला सूट फक्त मंडीपर्यंत. सभागृहाच्या दारात उतरवायचा तर तो वेगळा अर्ज, आणि त्यात आधी 'नाशवंत नाही' का म्हटलं होतं याचं स्पष्टीकरण जोडा. मी खवचटपणे विचारलं, की पार नासला तर काय करू? त्यावर बिचारीने मनापासून शोधून सांगितलं, की मग तो कचरा होईल, त्याचा विभाग वेगळा आहे, पण अंकलजी, कचऱ्याच्या गाडीला दिवसा बंदी नाही. म्हणजे या शहरात देवगडचा हापूस दिवसाढवळ्या मानाने शिरू शकतो, फक्त आधी त्याने सडायला हवं. असल्या अकलेपुढे हात टेकले.

उद्या जेवण आहे. स्पष्टीकरण लिहून झालंय, ते घेऊन आत्ता पुन्हा निघालोय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला
मोरेश्वर

ता. क. बागेतलं उरलेलं पीक कसं आहे? पुढच्या वर्षी मुळीच पाठवू नका. हे गाव त्या लायकीचं नाही.

ता. क. २ : एक अगदी लहानसं काम. भीमराव काल खोदून खोदून विचारत होते, तेव्हा गडबडीत माझ्या तोंडून गेलं, की आंबे देवगडहूनच डागी आले. त्यांचा तुम्हाला फोन आला तर 'हो, यंदा जरा गडबड झाली' इतकंच म्हणा. तुम्हाला तिकडे काय फरक पडतो? मला इथे राहायचंय.

ता. क. ३ : दादा, विभा लिहितेय. यातलं तू काहीही मनावर घेऊ नकोस आणि हो तर मुळीच म्हणू नकोस. आपल्या आंब्यांना कोणी नावं ठेवलेली मला चालत नाहीत, भीमरावांना मी मघाशीच फोन करून खरं काय ते सांगितलं. हे सकाळी ऑफिसला गेल्यावर मी आणि शेजारची अनुया बायपासला गेलो आणि सगळ्या पेट्या ई-रिक्षांत भरून सभागृहावर आणल्या. ई-रिक्षाला दिवसा कोणी अडवत नाही, हे मी यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तर म्हणाले, देवगडचा हापूस रिक्षातून येणार का? थोडे गेले, बाकीचे मधासारखे आहेत. भीमराव स्वतः पेट्या उतरवायला आले आणि उतरवता उतरवता उभ्याउभ्याच चार खाल्ले. ड्रायव्हर बिचारा कंटाळला होता, त्याला डबा बांधून दिला आणि परत पाठवला.

हे लिहितानाच यांचा फोन आला. परवाना मिळाला म्हणे, उद्याचा, भरदिवसाचा, थेट सभागृहाच्या दारापर्यंत. ढोलवाला ठरवायला निघालेत. आठवडाभरात पहिल्यांदा हसले रे, मला काही सांगवेना. ट्रक एव्हाना किशनगढच्या पुढे गेला असेल. ड्रायव्हर माझा फोन उचलत नाहीये, तू करून बघ. रिकामा का होईना, उद्या दुपारपर्यंत तेवढा परत फिरव.