एकोणपन्नास मिनिटं

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

झालं! हॉस्पिटलवाल्यांनी आज सही केली. सात महिने खपले या कामात. सहाही शाखांमधल्या पेशंटांच्या नोंदी आता मुंबईच्या सर्व्हरवर, आणि मागोमाग त्यांची नक्कल हैदराबादला. मुंबई बंद पडली तर अर्ध्या तासात हैदराबाद उभं राहणार. शेवटच्या फार तर पाच मिनिटांत लिहिलेलं तेवढं बुडू शकतं. पाचचा आकडा बैठकीत मीच सांगितला होता. मोठे डॉक्टर म्हणाले, पाच मिनटांत काय जातंय? सगळे हसले. मीही.

आजपासून कागदी केसपेपर बंद! आमच्या मालकांनी, परेशभाईंनी, ऑफिसात पेढे वाटले.

घरी आई विचारते, "म्हंजे तू करस काय नेमकं?" म्हटलं, दवाखान्याची एक वही जळाली तर दुसरी तयार ठेवते. "मंग ते चांगलं शे," म्हणाली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मुंबई गेली. खरोखरच गेली! ११.२० ला स्क्रीनवर सगळं लाल. क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये कूलिंग बंद पडलं म्हणे. माझ्याबरोबर काम करणारा लखन शेजारी बसून हैदराबाद चालू करायच्या पायऱ्या वाचत होता, मी एकेक करत गेले. ११.४२ ला हैदराबाद चालू. बावीस मिनिटं! उधन्याच्या मोठ्या हॉस्पिटलातून फोन — पेशंट दिसतायत, सगळं चालू आहे. ऑफिसात टाळ्या. परेशभाई सगळ्यांदेखत म्हणाले, "गायत्रीबेन, तमे बचावी लीधा." वाचवलंत आम्हाला, म्हणे.

घरी येऊन दोन वाट्या खिचडी खाल्ली.

२० ऑगस्ट, बुधवार

आकडे जुळत नाहीत. हैदराबादला पोचलेली शेवटची नोंद १०.३१ ची. मुंबई पडली ११.२० ला. पाच नाही — एकोणपन्नास मिनिटं! नक्कल इतकी मागे पडली होती आणि कोणाला पत्ता नाही. हा फरक वाढला की फोनवर अलार्म वाजायला हवा. वाजलाच नाही. का?

लखन म्हणतो, मुंबई परत आलीय, बुडालेल्या नोंदी तिथे सापडल्या, जोडून टाकू, झालं.

दोनशे अकरा नोंदी. जोडल्या.

२१ ऑगस्ट, गुरुवार

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यातून स्वातीताईंचा फोन. हळू आवाजात बोलत होत्या. मंगळवारी पलसाण्याच्या, कापड रंगवायच्या डाइंग युनिटमधून एक माणूस आला होता. वाफेचा पाइप फुटून मांड्या भाजलेल्या. पलसाण्याच्या शाखेत अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, तर ओठ सुजले, धाप लागली. तिथल्या डॉक्टरांनी सावरलं, संगणकात लिहिलं आणि अँब्युलन्समधून उधन्याला पाठवलं. उधन्याला स्क्रीनवर ॲलर्जीचा रकाना कोरा. बारा वाजता तेच इंजेक्शन पुन्हा दिलं.

वीस मिनिटांत गेला.

भटू नाव. वय अडतीस. राहणार कोसाड.

आम्ही काल जोडलेल्या नोंदींत शोधली. एकशे चौसष्टावी. वेळ ११.०४. "हे औषध पुन्हा देऊ नये." शेवटी तीन उद्गारचिन्हं. डॉक्टर कधी अशी चिन्हं घालतात का? घाईत, जीव तोडून लिहिलं असणार. आणि ते मुंबईतच अडकून राहिलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

हॉस्पिटलच्या चौकशी समितीने रिपोर्ट मागितलाय. परेशभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "बेन, रिपोर्टमां लखो — क्लाउड कंपनीनो प्रॉब्लेम. कूलिंग त्यांचं बंद पडलं. आपला काय दोष?"

मी म्हटलं, कूलिंग बंद पडणारच होतं कधीतरी, म्हणून तर आपल्याला नेमलं होतं. नक्कल मागे का पडली? अलार्म का वाजला नाही?

"ऑफिसमां तीस जण छे," एवढंच म्हणाले. वाईट माणूस नाही. चहा मागवला.

नक्की कोणीतरी अलार्म बंद केलाय. शोधणार. सोडणार नाही त्याला!

२४ ऑगस्ट, रविवार

जेवण जात नाही. आई कपाळाला हात लावून बघते, ताप नाही म्हणते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सापडलं.

लखनवर संशय होता. सकाळी त्याच्याशी वाकडं बोलले.

मग जुना लॉग उघडला. अलार्म बंद केला शनिवार, ९ ऑगस्ट, सकाळी ११.१७ ला. लॉगिन — गायत्री. मी.

राखीपौर्णिमा. विकासदादाकडे गेलो होतो. हातात ओवाळणीचं ताट, आणि फोन एकसारखा कोकलतोय. नक्कल मागे पडली, नक्कल मागे पडली. सकाळी सगळीकडे ओपीडीची गर्दी, त्या वेळी मागे पडायची आणि दुपारी आपोआप जुळायची. मला वाटलं खोटा अलार्म. वहिनी हसत म्हणाली, आज तरी ठेव तो फोन. मी आवाज बंद केला. 'सोमवारपर्यंत' असा पर्याय होता. घाईत त्याच्या खालचा दाबला — 'कायमचा'.

एवढंच. एक बोट.

लखनची माफी मागितली. कारण सांगितलं. त्याने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "लॉग फक्त आपण दोघंच बघतो." मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. खाली आरती चालू होती. मी गेले नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

रिपोर्ट नव्याने लिहिला. काय झालं, कधी झालं, कोणी केलं. स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं. पाठवण्याआधी परेशभाईंना दाखवला. दोनदा वाचला त्यांनी. "तमने खबर छे ने आनो मतलब?" माहीत आहे म्हटलं. हॉस्पिटलच्या चौकशी समितीला पाठवला, लॉगसकट.

"हवे नई आवता, बेन," परेशभाई म्हणाले. आता येऊ नका, म्हणे. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आईला संध्याकाळी सांगितलं. तिला संगणकातलं काही कळलं नाही, बाकी सगळं कळलं. म्हणाली, "त्या भटूना घर जाई ये."

३१ ऑगस्ट, रविवार

कोसाडला गेले. भटूची बायको छाया, आणि तिची सासू, म्हणजे भटूची आई, भागीरथीबाई. एकच खोली, दोघी दोन भिंतींना. मी सगळं सांगितलं. माझं नाव, माझं बोट. वाटलं होतं मारतील, रडतील.

छाया एकदम उठून बसली. "मी सिस्टरले सांगेल व्हतं! तेस्ले ती सुई चालत नही, आत्तेच तोंड सुजनं व्हतं. दोनदा सांगं. ती म्हणे, बाई, कंप्युटरमा काहीच नही."

तेरा दिवस सासू तिच्याशी बोललेली नाही. सून संगे व्हती तरी तोंड उघडं नही, असं सगळ्या चाळीला सांगत होती.

"ताई, मनी चूक नही, हाई कागदवर लिखी देतीस का?" छायाने विचारलं.

लिहिलं. सही केली. भागीरथीबाईंनी कागद हातात घेतला, उलटासुलटा बघितला, मला परत दिला.

"माले वाचता येत नही. मोठा आवाजमा वाच."

वाचला.