अंगचोर पायांची बेरीज

४ जून

ती. आत्यास सा. न.

शुद्धलेखन पोटात घाल. शाळा सुटली तसे ऱ्हस्व-दीर्घही सुटले, त्यात एका बोटाने टाइप करतेय.

आत्या, माझ्या हातून भयंकर झालंय. मी सायकलिंगच्या हॉलमध्ये कामाला लागले ते तुला ठाऊक आहे. काल पोरांची चाचणी होती. जागच्या सायकलवर तीस सेकंद जीव खाऊन पॅडल मारायचं. आधी एकट्या डाव्या पायाने, दम खाऊन उजव्या, मग दोन्हींनी. फळ्यावर आकडे लिहायचं काम माझं. आपल्या बारक्याचा डावा ११८ वॅट, उजवा १२२. मग दोन्ही मिळून २४० नको का? आले २०५! मी हादरलेच. वाटलं, सख्खा भाऊ फसवतोय. चारचौघांत तर माझं तोंड उघडत नाही, म्हणून रागात त्याच्या आकड्यापुढे लिहिलं, 'अंगचोर'. सगळी पोरं ओरडून वाचत सुटली. सरांनी बेरीज बघितली आणि त्याला शर्यतीच्या यादीतून काढलं. अकरा वर्षांचं पोर, कालपासून पांघरुणातून बाहेर आलं नाही. शनिवारी यादी पक्की होणार. तू रोज लोकांचे पाय चालते करतेस, तूच सांग.

माया आटू देऊ नको.
तुझी घुमी

६ जून

चि. घुमीस अ. आ.

अगं भवाने, आधी मला विचारायचंस तरी! एकेका पायाची बेरीज दोन्हींपेक्षा जास्तच भरते. माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या पोरांचंही तेच. एकटा पाय जीव तोडून राबतो, दोघं एकत्र आले की जावा-जावांसारखे हातचं राखतात. का, ते मलाही धड सांगता येणार नाही. बाकीच्या पोरांची बेरीज केलीस का? की भाऊ म्हणून त्याचीच? कर. आणि सरांना सांग, तोंडाने. खडूमागे लपू नको.

रागावले तरी तुझीच,
आत्या

१० जून

ती. आत्यास सा. न.

सगळ्यांची बेरीज केली. नऊच्या नऊ पोरांचं तसंच! सरांपुढे गेले आणि खडूच त्यांच्या हातात ठेवला. त्यांना वाटलं, मी काम सोडतेय. शेवटी एका दमात सगळं सांगितलं. त्यांना पटेना, म्हणून स्वतःच सायकलवर बसले. त्यांचेही चाळीस वॅट कमी! घाम पुसायचं विसरून फळ्याकडे बघत राहिले. मग बारक्याचं नाव यादीत परत लिहिलं.

मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, मोठ्यांदा. तो म्हणाला, बोलता येतं की तुला, मग त्या दिवशी मलाच का नाही विचारलंस. सरावाला जातो, पण जेवायला माझ्याशेजारी बसत नाही अजून.

चुकलेल्या भाचीवर लोभ असू दे.
घुमी

ता. क. अगं, वरच्या मजल्यावरची टाकी फुटली! जिन्यातून धो धो पाणी येतंय, पळते!